इनासची भट्टी बंद झाल्यावर

केप्यात पोळी म्हणजे पाव असतो,
हे मला लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं.
"पोळी संपल्या गो," सासूबाई म्हणाल्या,
आणि मी बार्शीची, पदर खोचून परातीला भिडले.
सतरावी लाटत होते
तेव्हा फाटकाशी भोंगा वाजला, पों पों,
इनास पोदेर सायकलवरून उतरला
आणि सगळं घर माझ्याकडे बघून हसत सुटलं.

त्यानंतर बावीस वर्षं तो भोंगा
हेच आमचं घड्याळ.

यंदा इनासचे गुडघे गेले. मुलगे बोटीवर.
भट्टीच्या तोंडाला पत्रा लागला.
रामनाथ दोन दिवस पिशवी घेऊन
फाटकाशी उगाच उभा राहून आला.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आमीच करूया."
हा माणूस आजवर चहासुद्धा उतू घालवणारा.

पहिली खेप: यीस्ट कधीचं होतं कुणास ठाऊक.
जे निघालं ते जेवायच्या टेबलाच्या
आखूड पायाखाली बरोब्बर बसलं.
अजून तिथेच आहे.

दुसऱ्या खेपेला त्याने रेंदेराकडून सूर आणली,
इनासचा आजा म्हणे सूर घालूनच पीठ फुगवायचा.
बाटलीचं बूच स्कूटरच्या डिकीत उडालं.
वीज खात्यात दिवसभर
साहेब नाक वर करून फिरत होते,
आणि हा मान खाली घालून
लोकांची बिलं दुरुस्त करत होता.

तिसऱ्यांदा, अकराव्या मिनिटाला लाइट गेली.
मी काही बोलले नाही.
नुसती त्याच्याकडे पाहिलं.

त्याची एक वही आहे, मीटर रीडिंगची,
खात्यातूनच आणलेली.
त्यात रकाने: पीठ ग्रॅम, पाणी ग्रॅम, तापमान, निकाल.
निकालाच्या रकान्यात: दगड. दगड. कच्चा दगड.
मी पाणी ओतते ते हाताला विचारून.
तो म्हणाला, हाताला आकडे येत नाहीत.
मी म्हटलं, काट्याला भूक लागत नाही.
तिथून गाडी माझ्या माहेरच्या तिखटावर गेली,
मग त्याच्या बहिणीवर,
मग दोन दिवस कुणीच कुणाशी काही नाही.
तो बाहेर भजी-पाव खाऊन यायचा,
मी पिठलं करून एकटी जेवायचे.

पीठ मात्र फ्रिजमध्ये राहून गेलं होतं.
रविवारी दूध काढायला दार उघडलं
तर डब्याचं झाकण त्याने आपणहून उचललेलं,
डोकं बाहेर काढून बसलं होतं,
आंबूस, थंड, बुडबुड्यांनी भरलेलं.
"अहो," मी म्हटलं. एवढंच.
तो दाढीचा साबण तसाच घेऊन आला.

ओट्यावर कोंडा पसरला.
लाटणं शोधत बसले नाही.
गोळा घेतला आणि भाकरी थापतात तसा थापला,
बोटं आत, तळवा बाहेर, एक गिरकी.
तो म्हणाला, "इनास अशीच थापतालो."
माझी आई पण, मी म्हटलं.

मग ओव्हनच्या काचेला
दोन म्हातारी पोरं नाक लावून बसली.
आधी एक कड हलली,
मग मधोमध हवा शिरली,
आणि पोळीने एकदम पोट काढलं.
त्याच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

कालच्या बांगड्याच्या हुमणात बुडवून
तीन त्याने खाल्ल्या, अडीच मी.
उरलेल्या दोन फडक्यात बांधून
इनासकडे गेलो.
त्याने पोळी उलटी केली, बुडाला टिचकी मारली,
कानाशी धरली,
फाडून वाफ हुंगली,
आणि एक तुकडा खूप वेळ चघळला.
"कोंडो बरो," तो म्हणाला. "मीठ खंय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
हुमणाने आमची लाज राखली होती.
इनास हसत हसत दुसरीही खाऊन मोकळा झाला.

रात्री मी वही उघडून बघितली.
पाणी: विचारावे हाताला.
निकालाच्या रकान्यात काहीच नाही,
फक्त समासात, मोठ्या अक्षरात,
दोनदा खाली रेघ मारून:
मीठ.