कोणीतरी दारात आहे

ही बेल घेतली तेव्हा भांडलो होतो आम्ही.
अठ्ठावीस दिनार, म्हणजे रेवाच्या व्हॅनचे दोन महिने.
"तू क्लिनिकमध्ये, मी साइटवर, पोर एकटी घरात,"
स्टुलावर उभं राहून विद्याधर म्हणाला,
आणि चौकटीला, मागच्या दसऱ्याच्या प्लॅस्टिकच्या तोरणाखाली,
बोटभर काळी डबी चिकटवली.
"उंबरठ्यापुरतं दिसतं फक्त. जिना नाही दिसत.
सोसम्माला सांग तसं."

खोटं कशाला बोलू, सोय झाली.
दाढदुखीवाल्यांची नावं लिहिता लिहिता
मला दिसतं, रेवा शाळेतून आली,
किल्ली दोनदा पडली, आतून कडी लागली.
पाणीवाल्या मोतालिबला मी इथून सांगते,
रिकामा बाटला चपलांच्या मागे आहे.
तो डबीला सलाम करतो.
कोल्ड स्टोअरचा पोरगा खुबूसची पिशवी
मुठीला अडकवून जातो, आणि आता
एकही कमी भरत नाही.

जाचही आहे.
शमाल सुटला की गुदैबियाची अख्खी धूळ
जिन्याच्या फुटक्या तावदानातून वर येते
आणि फोन म्हणतो, कोणीतरी दारात आहे.
मांजर येतं. कोणीतरी दारात आहे.
सोसम्मा बोलेनाशी झाली.
माझ्याकडे कोण येतं, कधी जातं,
तुला का दिसावं, म्हणाली. खरंच होतं तिचं.
त्या गोल भिंगात सगळ्यांची नाकं मोठी,
सगळेच थोडे चोरासारखे.
मीसुद्धा.

जूनमधला रविवार, इथला आठवड्याचा पहिला दिवस.
सात दहाला विद्याधर गेला. डबा, हेल्मेट.
सात पन्नासला फोन म्हणाला, कोणीतरी दारात आहे.
काही विसरला असेल.
पण त्यानं किल्ली काढली नाही.
वर जाणाऱ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला,
जिथे चित्राची कड संपते तिथे.
नुसते गुडघे दिसत होते, आणि डबा.

बाहेर सेहेचाळीस डिग्री.
आत त्याचं घर, त्याचा एसी, त्याची खुर्ची.
दार उघडलं असतं तर मला कळलं असतं,
म्हणून स्वतःच्या हातानं बसवलेल्या डबीला चुकवून
माझा नवरा जिन्यात बसला होता.
एकला डबा उघडला.
दोनला, रेवा यायच्या आधी,
गुडघे उठून वरच्या मजल्यावर गेले.
सहाला चेहरा पुसून, खिशात किल्ली असताना,
बेल वाजवली.

रात्री त्यानं फोरमनचा किस्सा सांगितला.
मी हसले.
आम्हा तिघांचा व्हिसा त्याच्या नोकरीला टाचलेला,
आणि मी विचारलं, भात वाढू?

सोमवार. मंगळवार. बुधवार.
मी डब्यात एक पोळी जास्त घातली, ताकाची बाटली दिली.
बुधवारी एक वाजता अंगठा बोलायच्या बटणावर होता माझा.
विद्या, आत जा, पंखा लाव, एवढंच.
पण भिंतीतून बायकोचा आवाज आला
की माणूस एकदा दचकतो
आणि मग त्या दारात कायमचा दचकत राहतो.
क्लिनिकमध्ये कोणीतरी विचारलं, माझा नंबर कधी?
मी बटण सोडलं.

रात्री दोघं झोपल्यावर बाहेर गेले.
कपाळावरची टिकली काढली,
मोठी, मरून, लग्नकार्याला लावते तसली,
आणि भिंगावर चिकटवली.

गुरुवारी फोन म्हणाला, चित्र दिसत नाही, भिंग पुसा.
मग दिवसभर गप्प.

संध्याकाळी सिंकशेजारी एक कप,
विसळून पालथा घातलेला.
रेवा चहा पीत नाही.

टिकली मी अंधारात लावली होती, जरा तिरपी बसली होती.
आता मधोमध आहे,
कडेनं अंगठ्यानं नीट दाबलेली.