कोंबड्यांची मोजणी

जैबुनबाई तडवीने सहा कोंबड्यांचं डालगं
चोपड्याच्या बाजारातून थेट आमच्या ओट्यावर उतरवलं
आणि पाणीसुद्धा न पिता विचारलं,
"जागा शे ना भाऊ?"

मला विचारते!
एकतीस वर्षं भूमी अभिलेखात गेली माझी,
आधी साखळी, मग टेप, मग ते तिपाईवरचं यंत्र.
अनेरपासून तापीपर्यंत कुणाचा बांध कुठे
ते डोळे मिटून सांगेन.

त्याच दुपारी परस मोजला.
टिपण काढलं, उत्तरेचा बाण काढला,
शेवगा वर्तुळाने, धुण्याचा दगड चौकोनाने.
रात्रीच्या खुराड्यात दर कोंबडीला चार चौरस फूट,
बसायच्या दांडीवर एक वीत,
दिवसा मोकळ्यात दहा फूट.
या हिशोबाने गुंठ्यात एकशे आठ बसतात,
जपमाळेत मणी असतात तेवढ्या.
माझ्या सहांना साठ पुरे.
पऱ्हाट्यांचं कूड घातलं, वर जाळी,
मुंगसासाठी पायाशी विटा पुरल्या.
क्षेत्र जुळलं. खाली सही करावी असं जुळलं.

माघात त्यांनी माझी थट्टा केली.
सहाच्या सहा दांडीच्या एका टोकाला,
दीड हातात, एकमेकींच्या पिसांत घुसून;
उरलेली दांडी रिकामी,
सरकारी विश्रामगृहासारखी.

चैत्र सरला आणि उलटं झालं.
पारा पंचेचाळीसवर. पत्रा तापून वाजायचा.
चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे,
जणू प्रत्येकीला स्वतःचंच अंग नकोसं.
आता वीत पुरेना, हात पुरेना,
आणि टोचणं सुरू झालं.

सगळ्यात शेवटची ती राखी.
आधी तिच्या शेपटीची पिसं गेली,
मग पाठ उघडी पडली, मग पाठीवर लाल ठिपका.
लाल दिसलं की साऱ्याच येतात.
ती पळायची.
पळून पळून कुठे?
चार पावलांवर माझंच कूड.

जैबुनबाई आली. जाळीत बोटं अडकवून
बराच वेळ बघत राहिली.
"भाऊ, तू बसानी जागा मोजी.
पयानी मोजी नही."

रात्री झोप लागेना.
गिरणेकाठचा एक गट आठवला, दोघे भाऊ, मध्ये हातभर बांध.
खुणेचे दगड मी अचूक रोवले होते,
थोरल्याने चहा पाजला होता.
धाकटा काही बोलला नाही,
नुसता बघत होता, आपली पायवाट कुठून जाते ते.
ती कागदावर नव्हती.
म्हणून मीही विचारलं नव्हतं.

सकाळी कूड मोडलं.
स्कूटर बोळात लावली, धुण्याचा दगड मोरीत नेला
(यावर घरात दोन दिवस बोलणं बंद),
दहाचे वीस झाले, शेवग्याची सावली आत आली.
आडोसाही पाहिजे, जैबुनबाई म्हणाली होती,
मोठीच्या नजरेआड होता येईल असा.
लिलावात घेतलेलं कचेरीचं नकाशांचं टेबल
तेवढ्यासाठी परसात आडवं टाकलं.
राखीच्या पाठीला हळद लावली, तिने माझा अंगठा फोडला.
चौथ्या दिवशी ती टेबलामागे धुळीत
एक पाय पोटाशी घेऊन पेंगत होती,
आणि मोठी पलीकडे वाळव्या टिपत होती,
जणू हिला ओळखतच नाही.

हिरामणच्या पोराने परवा विचारलं,
"काका, एका कोंबडीला जागा किती लागते?"
मी म्हटलं, "कोणत्या महिन्यात?"
मग म्हटलं, "आणि त्यातली सगळ्यात शेवटची कोणती, ते आधी बघ."
तो हसला, माझा टेप घेऊन गेला.
अजून आणून दिलेला नाही.