नंबर सत्तावीस

इदरीसभाईंच्या भट्टीत, खारीच्या बरण्यांवरच्या फळीवर टीव्ही आहे.
वसुबारसेची आदली संध्याकाळ, वाडीतली गल्ली,
आम्ही दहा-बाराजणी स्टुलांवर,
डब्यातलं पीठ काळ्या पत्र्यांवर वळून ठेवतोय.
प्रत्येकीला पुठ्ठ्याचा एक नंबर. माझा सत्तावीस.

वर सांगलीची शाल्मली चिरोटे करतेय
आणि घड्याळ उलटं पळतंय.

"साटा पातळ झाला," इंदुताई कारखानीस म्हणाल्या,
इथून, वाडीच्या स्टुलावरून.
"थेंब पाण्यात टाकून बघितला का हिनं? तरंगायला हवा."
"एटली लाइटमां घी ओगळी ज जाय ने," रमीलाबेन.
तेही खरं. एवढ्या दिव्यांत तूपच काय,
माणूसही वितळेल.

परीक्षकानं चिरोट्याला सुरी लावली.
रांगेत कुणीतरी चुकचुकलं.
"लेयर्स बघायला कापतात, आजी," दिघ्यांची मृदुला.
"पदर म्हण. आणि पदर काय मोजायचे असतात?
सुटले की झालं."
मग स्वतःच्याच बोलण्यावर इंदुताई एवढ्या हसल्या
की हातातला गोळा चपटा झाला.
तो तसाच गेला भट्टीत.

परीक्षक म्हणाला, छान आहे,
पण थोडा आंबटपणा हवा होता,
पॅशनफ्रूटचा वगैरे.
इदरीसभाईंनी लांब दांड्याचं फावडं आत सरकवलं.
त्यांनी आजवर कुठल्याच भागावर
मत दिलेलं नाही.

मग संगीत हळू झालं.
शाल्मलीची आई, आईचं आजारपण,
स्वयंपाकघराची बंद खिडकी.
पिठाच्या हातानं डोळे पुसले दोघींनी.
"आता हिला काढत नाहीत," मृदुला म्हणाली.
"रडलं की एक आठवडा वाढतो."

मी गप्प.
मार्चमध्ये मीही पाठवला होता व्हिडिओ,
साट्याच्या करंज्यांचा.
घरात कुणाला माहीत नाही.
मुंबईहून फोन आला, मुलगी गोड होती बोलायला.
म्हणाली, मॅडम, करंजी सुंदर, पण तुमची स्टोरी काय?
स्टोरी म्हणजे?
म्हणजे कसं, स्ट्रगल.
मी म्हणाले, मिस्टर वीज मंडळातून रिटायर झाले,
घर स्वतःचं आहे,
मुलं बरी आहेत दोन्ही.
पलीकडे जरा शांतता.
मग, कळवतो हं.

सुमनवन्संचं सांगता आलं असतं.
लग्न मोडून परत आल्या त्या,
चौदा वर्षं मागच्या खोलीत राहिल्या.
अख्ख्या गल्लीच्या करंज्या त्यांनी कातल्या,
गल्लीत एकाही हळदीकुंकवाला न जाता.
त्यांचं कातणं माझ्याकडे आहे.
चाकाचा एक दात मोडलेला,
म्हणून माझ्या करंजीच्या कडेला
ठरावीक अंतरानं एक खाच येते.
परीक्षकानं ती खाच दोष म्हणून लिहिली असती.
की मीच सांगायची होती,
कॅमेऱ्याकडे बघत, मागे व्हायोलिन?

"सत्तावीस!"
इदरीसभाईंनी पत्रा पुढे केला.
"बेन, एक कोपरा जरा लाल थयो. चालशे?"
चालशे म्हणाले.
गरम डबा स्कूटरवर पायाशी ठेवला.
मांडवीपर्यंत पोटऱ्यांना ऊब लागत होती,
मागे कुणीतरी ओरडत होतं,
काढली का ठेवली गं, काढली का ठेवली?

मी थांबले नाही.
पण मला विचाराल,
तर साटा पातळ नव्हता.
पोरीनं तूप चांगलं फेसलं होतं, दिसत होतं.
घाई केली लाटताना, एवढंच.