उभे चौदा

चौकशीच्या खिडकीला जाळी आहे.
तिच्यातून प्रवाशाचा चेहरा चौकोनाचौकोनांत दिसतो,
काही चौकोन काळे.
ही सवय मला कोड्यामुळे लागली
की कोड्याची सवय हिच्यामुळे,
आता सांगता येत नाही.

सोमवारी नांदेडहून पहिल्या गाडीने साप्ताहिक येते.
शेवटच्या पानावर, मोंढ्यातल्या हळदीच्या भावाखाली,
अकरा बाय अकरा.
रचणारा सही करतो: अक्षरशत्रू.
नऊ वर्षे मी या माणसाशी भांडते आहे
आणि तो बाप्या आहे की बाई, हेही मला माहीत नाही.

मुंजाजी कंडक्टर मशीनचा रोल बदलत विचारतो,
"बाई, हे कोडं सरळ कामून नसतं?"
मग त्याला एक उलगडून दाखवते.
'भांडण उलटवून जेवा, बरे व्हाल. चार अक्षरे.'
भांडण म्हणजे वाद. उलटा वाच.
"दवा."
जेवण म्हणजे खाना. आता जोड.
"दवाखाना!" तो एवढ्यानं ओरडतो
की हिंगोलीच्या रांगेतली म्हातारी
त्याला हाताने रस्ता दाखवते:
पुढे जा बाबा, टाकीच्या मागे.

'नदी उलटी फिरली, गरीब झाली.'
दीन, हे त्याला न सांगता सुटलं.
आसनेकाठचा आहे तो.

आडवे चौदा: 'आणि खिळा, पैसे देणाऱ्याच्या बाजूचा.'
व म्हणजे आणि.
कील म्हणजे खिळा.
वकील.
या वकिलाच्या दोन टोकांना
दोन गावं लटकलेली.

ल-मधून जाणारं उभे अकरा:
'निघणार म्हणालात, नक्की?'
जाल ना?
जालना.
पेन्सिलीने भरलं, हलक्या हाताने.
ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या पॅडखाली,
माझा बदलीचा कागद आहे, त्यावरही तीच तीन अक्षरं.
फक्त महामंडळ असं गोड विचारत नाही,
दिनांक टाकतं.

व-पासून खाली, उभे चौदा:
'राहावे, असे माझे म्हणणे. पण मामूलाही विचारा.'
वस, हे मत.
वसमत. आपलंच गाव, बसल्या जागी सुटलं.
पण मामू कशाला?
अक्षरशत्रू एक शब्द फुकट घालत नाही.
दोन दिवस तो मामू माझ्या दाताखाली खडा.

तिसऱ्या दिवशी डबा न खाता
हिकमतमामूच्या घड्याळाच्या टपरीवर गेले.
डोळ्यात भिंग तसंच ठेवून त्यांनी वाचलं:
"वस मत.
हमारे में मत म्हणजे नको, बाई.
राहू नको, म्हणते ते."

चारच घरं.
एक अक्षर हललं नाही,
एक काना इकडचा तिकडे नाही,
आणि गावाने मला थांब म्हटलं आणि जा म्हटलं.
मी म्हटलं, मामू, मग खरं कोणतं?
त्यांनी बारका पेचकस वर धरला.
"कसायला हाच,
काढायला बी हाच."
मग माझ्या मनगटाकडे बघून,
"पट्टा बदला, तुटायला आलाय."

आता कोपऱ्यात दोनच घरं उरली होती.
'कधी रवाना? यात दडलेली हिंमत.'
हा साधा, लपवाछपवीचा.
तरी बुधवार गेला, गुरुवारची जेवणवेळ गेली.

सव्वातीनला जाळीपलीकडे एक बाई,
पदर, बोटं, पिशवीचे बंद, सगळं हळदीचं.
"परभणी कधी रवाना, बाई?"
सव्वीस वर्षं हाच प्रश्न,
सव्वीस वर्षं मी फक्त घड्याळ पाहिलं.
आज क-च्या पुढे आणि वा-च्या अलीकडे
कान अडखळला.

"काय म्हणालात?"
"बहिऱ्या झालाव का? कधी रवाना?"

सव्वाचार, म्हटलं. फलाट तीन. बसा तोवर.
आणि खोडरबर बाजूला सारून
पेनाने लिहिलं.