काना-मात्रा

मेरीलँडमधल्या एका बिनखिडकीच्या सभागृहात
मी बोललेलं टिपून घेते.
माझ्या यंत्राला मोजक्याच कळा,
पेटीच्या स्वरांसारख्या तीन-चार एकदम दाबायच्या.
नियम एकच, काना-मात्रेचा फरक करायचा नाही.
खोकला लिहायचा नाही. हुंदका लिहायचा नाही.
फारच लांबलं तर लिहायचं: विराम.

साडेआठला आधी हितसंबंधांचं निवेदन.
कुणाचे कुठल्या कंपनीत शेअर,
कुणाचा नवरा कुठे नोकरीला.
अकरा तज्ज्ञ खिसे उलटे करून दाखवतात,
मग ग्लासात पाणी ओततात.
सरकार टेबलाच्या टोकाला, करड्या सुटात,
मान हलवतं, पण ती हो ची की नाही ची
हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

विषय तिसरा: एक पांढरी भुकटी.
नाव इतकं लांब की अध्यक्षबाई दोनदा अडखळतात.
कुठलाच कारखाना तिची गोळी बनवत नाही.
गावोगावचे फार्मसिस्ट ती खलात घोटून
एकेका रुग्णापुरतं औषध करून देतात.
करू द्यावं का?
प्रश्न एवढाच. त्यावर चारशे बारा पानं.

लोकांना पाच-पाच मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, लाल.
रोझलिंड आख्टरबर्गची मुलगी सात वर्षांची.
दिवसाला वीस झटके यायचे, आता दोन.
ती बाटली वर धरते. स्ट्रॉबेरीचा वास
पहिल्या रांगेपर्यंत येतो.
लाल दिवा. ती म्हणते, ‘अजून एक...’
माइक बंद.
ते ‘अजून एक’ मी लिहिलं आहे.

नंतर एमेट व्हार्नडो, टेनेसीत ट्रकचे ब्रेक दुरुस्त करतो.
बायकोच्या पाठीत इंजेक्शन दिलं होतं, दुखणं थांबावं म्हणून.
ती कुपी जिथे भरली
त्या खोलीच्या छताला ओल होती.
एवढं बोलून तो तिचा चष्मा समोर ठेवतो
आणि उरलेला वेळ नुसता उभा राहतो.
ते औषध वेगळं, हा विषय वेगळा,
असं कुणीतरी म्हणायला हवं होतं.
कुणी म्हणालं नाही.
विराम.

डॉक्टर क्वार्टेंग विषशास्त्राच्या. आवाज चढवत नाहीत.
‘ही बाटली किती दिवस टिकते?
तिसाव्या दिवशी मात्रा तेवढीच राहते का?
कुणी मोजून पाहिलंय?’
पानं चाळल्याचा आवाज.
चारशे बारा पानं आणि त्यात एक आकडा नाही.

ऑर्व्हिल टेंगेसडाल, नॉर्थ डकोटा, वय एकाहत्तर.
बत्ता फिरवून फिरवून उजवा अंगठा वाकलेला.
तीस वर्षं हीच भुकटी घोटली,
तेव्हा त्याचं मत सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.
तो म्हणाला,
‘माझे रुग्ण बरे झाले, ते सांगायला आले.
जे बरे झाले नाहीत त्यांचं मला माहीत नाही.
ते परत आलेच नाहीत.’
आणि वाकड्या अंगठ्याने ‘नाही’ दाबलं.

होय चार. नाही सहा. एक तटस्थ.
‘हा सल्ला आहे, निर्णय नव्हे,’ करडा सूट म्हणाला,
आभार मानले, आणि सगळे जेवायला उठले.
मी यंत्रावर झाकण घातलं.

कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या यंत्रापाशी
रोझलिंड पाठमोरी उभी होती.
म्हातारा तिच्याकडे गेला. मला वाटलं, माफी मागेल.
त्याने विचारलं, ‘मुलीचं वजन किती?’
ती बघतच राहिली. मग म्हणाली, एकोणीस किलो.
‘आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवता की बाहेर?’
त्याने कागदी रुमाल पुढे ओढला, पेन काढलं,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि आकड्यांनी आकडे खोडत
बराच वेळ काहीतरी लिहीत राहिला.

माझ्या नोंदीत हे नाही.
माझी कॉफी तोवर गार झाली होती.