खोली नंबर सहा, मागची भिंत

कपाट या वर्षी मिळणार नाही, असं वरून पत्र आलं.
तेव्हा भालशंकरच्या वडलांनी मार्केट यार्डातून
द्राक्षांचे अकरा क्रेट आणून दिले.
टेम्पोतून उतरवताना म्हणाले,
"धुतलेत बाई. पण वास जायला वेळ लागंल."

शनिवारी शाळा सुटल्यावर एकटीच बसले.
दोनशे चौदा पुस्तकं.
पातळ त्यांच्या कण्यावर लाल पट्टी, जाड त्यांच्या निळी,
मधल्यांना पिवळी, कारण तीच उरली होती.
फाटक्या कोपऱ्यांना खाकी कागद, खळ,
वहीत रेघा मारून अनुक्रमांक.
धायरीच्या बसमध्ये उभ्यानं घरी जाताना
माझं मलाच कौतुक.

बुधवारपर्यंत पट्ट्यांना कुणी विचारेना.
मगरीच्या गोष्टीशेजारी विहिरीची गोष्ट, एक लाल, एक निळी.
तौफिक म्हणाला, "मग मगर राहील कुठं?"

धोत्र्यांच्या मयूरीनं खिडकीजवळचा क्रेट ताब्यात घेतलाय.
त्यात फक्त अशी पुस्तकं,
ज्यांत शेवटपर्यंत कुणी मरत नाही.
मी मधल्या सुट्टीत तपासलं.
एकात म्हातारा बैल मरतो.
तसं सांगितलं, तर म्हणाली,
"ते पान मी चिकटवलंय."

सगळ्यांत खाली अर्ध्यात सोडलेल्यांचा क्रेट.
खुणेला बसची तिकिटं, एक मोरपीस,
एकदा तर चपातीचा तुकडा.
तो क्रेट सगळ्यांत जड.

केंद्रप्रमुख आले. चष्मा वर करून बघत राहिले.
"वर्गीकरण कुठल्या पद्धतीचं?"
मी वही पुढं केली.
वहीत सगळं बरोबर होतं. सही झाली.

फक्त सत्त्याऐंशी नंबर नाही.
तो गौतमी कांबळे दिवाळीत चाकणला घेऊन गेली,
आईबापांबरोबर, दाखलाही न नेता.
मी "गहाळ" लिहिलं आणि पुस्तकं सरकवून फट बुजवली.
दुसऱ्या दिवशी फट पुन्हा तिथंच,
आणि तिच्यात घडी घातलेला रुमाल,
बसमध्ये जागा धरतात तसा.
कुणाचा, ते कुणी सांगेना.
मीही फार विचारलं नाही.

वास अजून गेलेला नाही.
दुपारी ऊन मागच्या भिंतीवर आलं की मुंग्या निघतात
द्राक्षं शोधत, निळ्या-पिवळ्या कण्यांवरून,
रुमालाला वळसा घालून
पलीकडे.