सैल

फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी, तिचं पेन.
दर शुक्रवारी सोल्वाय पोटाची चिमूट धरते,
डोळे मिटून दहा अंक मोजते.

एकवीस किलो उतरले.
गुडघे गप्प झाले; बंदरापर्यंत सायकल मारते.
साखरेचा आकडा पाहून डॉक्टरीणबाई चक्क हसल्या.
पण काही रात्री न्हाणीघराच्या फरशीवर, ओकाऱ्या काढत.
"आणि थांबवलं तर?"
यावर मात्र बाईंनी खांदे उडवले.

मी बेकर. तीस वर्षं पहाटे तीनला उठून
वेलचीचे पाव भाजतोय.
ओडेन्सच्या या गल्लीत याच वासामागून आली होती ती.
काल एक हातात घेतला, हुंगला,
"छान झालाय," म्हणाली,
खाली ठेवला.

अंगठीही सैल झालीय.
बघतो तर आतून दोरा गुंडाळलेला,
माझ्याच खोक्यांना बांधतो तो,
लाल-पांढरा.